सकाळचे दोन तास

प्रांजल काय खेळतेय हे अमृतच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. शनिवारची दुपार होती. तो ओट्याशी उभा राहून मटार सोलत होता आणि बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता, बाहुलीला काहीतरी समजावून सांगितल्यासारखा. "आता मी पप्पा," असं ऐकू आलं तेव्हा तो वळला. नुसती मान वळत नव्हती, म्हणून अख्खा वळला. सहा वर्षांची ती पोर गादीवर कुशीला झोपली होती. तिने गुडघे पोटाशी घेतले, पलंगाची कड धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःला ढकलत ढकलत उठून बसली. मग तशीच थांबली. "थांब, थांब, थांब," असं हळू आवाजात स्वतःलाच म्हणाली. मग उभी राहिली, पण सरळ नाही. कमरेत वाकून, एक हात पाठीवर, एक हात भिंतीला लावून, पाय घासत न्हाणीच्या दारापर्यंत गेली. तिथे मात्र एकदम ताठ झाली आणि बाहुलीला म्हणाली, "झालं. पप्पांना गरम पाणी लागतं, मग ते चांगले होतात." तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती कुणाची नक्कल करून दाखवत नव्हती. पोरं दुकानाचा खेळ खेळतात, शाळेचा खेळतात, तसाच हा पप्पांनी उठण्याचा खेळ होता, आणि त्यातली एकही पायरी तिने सोडली नव्हती.

अमृतच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्याला इतके दिवस वाटत होतं की आपण हे नीट झाकून ठेवलं आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी, तो एकतीस वर्षांचा असताना, या दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलं होतं आणि सोप्या भाषेत सांगितलं होतं की हा मणक्यांचा संधिवात आहे, पुरता जाणार नाही, पण औषधाने आणि हालचालीने आटोक्यात राहील. त्याची तऱ्हाच उलटी होती. इतर दुखणी पडून राहिलं की कमी होतात, हे वाढायचं. रात्रभर झोपलं की पाठ लाकडाची होऊन जायची आणि सकाळी ती एकेक मणका करून सोडवावी लागायची. सकाळचे दोन तास अमृत ऐंशी वर्षांचा असायचा. नऊनंतर वय उतरायला लागायचं, अकरा वाजता तो रस्त्यावरच्या कुठल्याही माणसासारखा दिसायचा आणि संध्याकाळी तर जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचा. आणि नेमके ते दोन तास सगळं घर त्याच्या अंगावर असायचं. त्याची बायको माया एसटीत कंडक्टर. पहाटे पावणेपाचला ती साताऱ्याच्या डेपोत हजर. सकाळची पहिली मेढा गाडी तिची. ती गेली की प्रांजलला उठवायचं, न्हाऊ घालायचं, वेण्या, डबा, पावणेआठला शाळेच्या फाटकात सोडायचं आणि साडेआठच्या आत ऑफिसातल्या मशीनवर अंगठा टेकवायचा. सगळ्यात वाईट मोजे. स्वतःच्या पायांपर्यंत त्याचे हात पोचायचेच नाहीत. मोजे प्रांजल घालायची, आणि तो त्याला गंमत म्हणायचा. ‘आज पप्पांना मोजे कोण घालणार’ असं गाणं म्हटल्यासारखं म्हणायचा. तिला ती गंमत वाटत असेल असं त्याने धरून ठेवलं होतं.

ऑफिसात तर तो सरळ खोटं बोलायचा. ठिबक सिंचनाची कंपनी होती, मुख्य कार्यालय सांगलीला आणि शाखा साताऱ्यात. कुणाच्या शेतात नळ्या कुठून कशा टाकायच्या, याचे आराखडे अमृत संगणकावर काढायचा. विहीर कुठे आहे, जमिनीचा उतार कुठल्या अंगाला आहे, आल्याला किती पाणी, उसाला किती, हे सगळं त्याच्या डोक्यात अगदी पाठ. त्याने काढलेल्या आराखड्यात शेवटच्या ओळीतलं रोपही कधी कोरडं राहिलं नव्हतं, हे सगळे मान्य करायचे. पण आठवड्यातून दोनदा तरी त्याला उशीर व्हायचा आणि शाखाप्रमुख काचेतून बघायचे. गेल्या वर्षभरात अमृतच्या मोटारसायकलीला जेवढी पंक्चर झाली तेवढी साताऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला झाली नसतील. एक चुलता दोनदा आजारी पडला होता. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या होत्या. हे सगळं तो इतक्या सराईतपणे सांगायचा, की एकदा शिपायाने विचारलं, साहेब, चुलत्यांचं कसं आहे आता, तेव्हा त्याच्या तोंडून ‘कोण चुलता?’ निघणारच होतं.

खोटं का बोलायचं हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. सकाळी उठता येत नाही, हे वाक्य त्याने मनात कितीतरी वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि दर वेळी ते एखाद्या आळशी माणसाच्या तोंडचं वाटायचं. तो माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरचा. त्यांच्यात उजाडायच्या आत जो उठत नाही त्याला माणसात धरत नाहीत. दिवाळी झाली की म्हसवडच्या पलीकडून मेंढरं घेऊन निघायचं आणि कोरेगावच्या काळ्या रानापर्यंत चालत यायचं. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, आज या रानात, उद्या त्या. त्याचे वडील आकाराम तेव्हा चाळिशीचे असतील, पण कमरेतून वाकलेले. सकाळी उठताना ते बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्यापाशी सरकत जायचे, त्याच्या मानेत हात घालायचे आणि त्या आधाराने हळूहळू वर यायचे. घोडा तेवढा वेळ जागचा हलायचा नाही. माशी बसली तरी कातडी थरथरवायचा, पण पाय उचलायचा नाही. कोरेगावच्या रानात असताना एकदा आठ वर्षांच्या अमृतने चार पोरांना हसवण्यासाठी वडिलांच्या उठण्याची नक्कल केली होती. मान डोलावत, कण्हत, एका पोराला घोडा करून. पोरं लोळून हसली. आणि मग कुणाच्या तरी चेहऱ्यावरून त्याला कळलं की आकाराम मागे उभे आहेत. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसतं पाहिलं आणि पाण्याची घागर उचलून वाकलेले तसेच निघून गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाची पाठ वाकलेली आहे का, तेव्हा अमृत सहज म्हणाला होता, वडिलांची आहे, पण ती मेंढरांमागे फिरून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सांगितलं होतं, हे दुखणं रक्तातून येतं. त्यानंतर त्याने वडिलांना दोनदा सांगून पाहिलं, आण्णा, डॉक्टरला दाखवू. दोन्ही वेळा ते म्हणाले होते, म्हाताऱ्या मानसाला काय दावायचं असतंय. पण तेव्हा चाळिशीत ते म्हातारे नव्हते. तीस वर्षं ते आजारी होते, आणि एकाही माणसाला त्यांनी थांब म्हटलं नव्हतं.

माया अडीचला ड्युटीवरून आली. खाकी शर्टाची बटणं सोडता सोडता तिने प्रांजलच्या खेळाचं ऐकलं. कामाची वेळ बदलून द्या असं पत्र ऑफिसला लिहा, म्हणून ती वर्षभर त्याच्या मागे लागली होती.

"मी डेपोत दोनदा ड्युटी बदलून मागितली," ती म्हणाली. "दोनदा न्हाई म्हनले. आकाश कोसळलं न्हाई. तुमी एकदा तरी मागून बघा."

रविवारी दुपारी त्याने पत्र लिहिलं. ‘विषय: कामाच्या वेळेत बदल मिळणेबाबत’ इथपर्यंत सरळ गेलं आणि मग हात अडला. ‘प्रकृतीच्या काही कारणास्तव’ असं लिहिलं आणि खोडलं. ते पंक्चरसारखंच वाटत होतं. मग त्याने दुखण्याचं पूर्ण नाव लिहिलं, एक एक अक्षर बघून. खाली लिहिलं की सकाळचे दोन तास माझं शरीर आखडलेलं असतं. मला सहा वर्षांची मुलगी आहे, तिची आई पहाटे कामावर जाते, त्यामुळे तिचं सकाळचं मीच करतो. साडेआठऐवजी साडेदहा ते सात अशी वेळ मिळावी आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्यावं. काम तेवढंच करीन. एवढं लिहून झाल्यावर त्याला दिसलं की हे सगळं खरं आहे. एकही शब्द बनवलेला नाही. पाठवण्याचं बटण दाबलं आणि आतून एक उसळी आली. जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी यायची तशी. भीतीही होती त्यात, पण ती त्या उसळीवर बसून आली होती. त्याने विनाकारण घर झाडलं. दोनदा चहा केला. प्रांजलला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेला आणि समोरच्या अजिंक्यताऱ्याकडे बघत उभा राहिला. ती विचारत होती, पप्पा, काय झालं, आणि त्याला हसूच आवरत नव्हतं.

मंगळवारी सांगलीहून फोन आला. पद्मा मॅडम, कर्मचाऱ्यांचं सगळं बघणाऱ्या. असा अर्ज आमच्याकडे पहिल्यांदाच आला आहे, त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून ते चांगलं की वाईट हे कळेना. गुरुवारी साडेअकराला या, डिझाइनचे प्रमुख चिंतामण सरही असतील. अमृतने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की साडेअकराला सांगलीत पोचायचं तर सकाळीच निघावं लागणार. सकाळी उठता येत नाही हे सांगायला सकाळी उठून जायचं.

गुरुवारी तो मायाबरोबरच साडेतीनला उठला. तिने पाणी तापवून दिलं, मोजे घातले, आणि डेपोला जाताना दारात थांबून म्हणाली, नीट बोला. प्रांजलला शाळेत सोडायचं शेजारच्या बनुबाईंनी कबूल केलं होतं. सातच्या सांगली गाडीत खिडकीची जागा मिळूनही तो उंब्रजपासून उभाच राहिला, कारण बसलं की पाठ पुन्हा आखडायची. कंडक्टरने दोनदा विचारलं, जागा हाय की, बसा ना. नको, बरं आहे, अमृत म्हणाला. दांडा धरून उभा राहिला की गाडीच्या हिसक्यांनी पाठ जराजरा सुटत होती. कराडला गाडी अर्धी रिकामी झाली, इस्लामपूरला भरली, आष्ट्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दाटला आणि त्याचं मन एखाद्या पोरासारखं पुढे पुढे धावत होतं. ते काय म्हणतील, मग आपण काय म्हणायचं. मधेच एक विचार आला आणि त्याने त्याला घामच फुटला: साडेअकराला आपण अगदी ठणठणीत दिसणार. जरा वाकून चालावं काय? जिना चढताना कठड्याला धरावं? हे त्याला सहज जमलं असतं. कोरेगावच्या रानात जमलं होतं तसं. तो विचार त्याने मधेच तोडला, आणि तोडल्याचंही त्याला बरं वाटलं. पिशवीत एक कागद होता. काल दुपारी त्याने गेल्या सहा महिन्यांतल्या आपल्या चौसष्ट आराखड्यांची यादी काढली होती. कुठला आराखडा किती वाजता पूर्ण झाला हे संगणक आपोआप लिहून ठेवतो. त्यातले एकावन्न संध्याकाळी चारनंतरचे होते. हे आधी त्यालाही माहीत नव्हतं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या ऑफिसात तो जिना चढला तो सरळ. चिंतामण सर साठीला आलेले, गोरे, बारीक आवाजाचे, मूळ सांगलीचे. समोर अर्जाची छापील प्रत होती. पद्मा मॅडमनी पाणी पुढे केलं. सुरुवातीचं बोलणं प्रवासाचं झालं, साताऱ्याच्या थंडीचं झालं. मग सरांनी चष्मा काढला आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या पाहण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"आत्ता तर तुम्ही अगदी ठीक दिसताय," ते म्हणाले.

"आत्ता साडेअकरा वाजलेत, सर," अमृत म्हणाला. "साडेअकराचा मी ठीकच असतो. मी साडेसहाचं सांगायला आलोय."

आणि त्याने सांगितलं. हे त्याने ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं ते यादीचं, कामाचं. पण तोंडून निघालं ते मोज्यांचं. पायापर्यंत हात पोचत नाहीत आणि मुलगी मोजे घालते, हे सांगताना आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही. कुशीवर होऊन, पलंगाची कड धरून, थांबून थांबून कसं उठावं लागतं ते त्याने जागेवर बसून सांगितलं. मुलगी आता तोच खेळ खेळते, हेही सांगितलं. आणि वर्षभरातली पंक्चरं खोटी होती हे सांगितलं, तेव्हा पद्मा मॅडमनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. त्या क्षणी त्याला आपण भलतंच बोलून बसलो असं वाटायला हवं होतं. पण आत नुसता मोकळा वारा सुटला होता. इतकी वर्षं एक जड गोणी पोटाशी धरून चाललो आणि ती आत्ता या काचेच्या टेबलावर ठेवली, बघा बाबांनो, असं काहीसं.

चिंतामण सरांनी अर्जाची प्रत पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले की तुमचं पटतंय, पण एकाला दिलं की उद्या दहाजण येतील, प्रत्येकाचं काही ना काही असतंच. अमृतने यादी पुढे सरकवली. माझं चांगलं काम संध्याकाळचं आहे, तो म्हणाला. शिवाय शेतकरी रानातून परततात सहाला. विहिरीचं काही विचारायचं तर मी सकाळी फोन करतो तेव्हा कुणी उचलत नाही. सातपर्यंत बसलो तर त्याच दिवशी विचारून होईल. पद्मा मॅडमनी यादी ओढून घेतली आणि बोट फिरवत वाचली. मग त्यांनी त्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर बाकडं होतं, पण तो बसला नाही. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. नाही म्हणाले तर काय, हे त्याने पहिल्यांदा नीट मनात आणून पाहिलं. उद्या पुन्हा साडेआठ, पुन्हा काचेतून बघणं, आणि आता तर चुलताही उरला नाही. आता खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती. तरी त्याला रविवारच्या आधीच्या दिवसांत परत जावंसं वाटेना. पाऊण तास गेला असेल. त्याच्या चालण्यालाही एक ताल आला होता.

आत बोलावल्यावर चिंतामण सरांनी चष्मा लावूनच सांगितलं. तीन महिने करून बघू. साडेदहा ते सात. घरून दोन दिवस नाही, एक, शुक्रवार. पुढच्या आठवड्यापासून. आणि एक गोष्ट त्यांना आवडत नसली तरी सांगायला हवी होती: साताऱ्याच्या डिझाइन विभागाची जबाबदारी मार्चमध्ये त्याच्याकडे द्यायचं चाललं होतं, ते आता थांबवावं लागेल, कारण त्या माणसाने सकाळी हजर असणं भाग आहे. अमृतला हे माहीतच नव्हतं. मिळण्याआधीच गेलेली ती खुर्ची त्याला एकदम दिसली, काचेच्या आतली, आणि एक कळ उठली. मायाला हे सांगताना कसं सांगायचं, असं मनात आलं. पण ती कळ मोठी होईना.

"चालेल, सर," तो म्हणाला. "मार्चनंतर मी पुन्हा विचारीन."

सर पहिल्यांदा हसले. जिन्यापर्यंत पद्मा मॅडम सोडायला आल्या. ह्याला आमच्याकडे फॉर्मच नाही, त्या म्हणाल्या, तुमचं नाव काढून तुमचंच पत्र फॉर्म म्हणून वापरलं तर चालेल का. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, "दहाजण येतील असं सर म्हणाले ना. पहिली मीच असेन बहुतेक." आणि कारण न सांगता मागे वळल्या. त्यानेही विचारलं नाही.

सांगलीच्या स्टँडवर दोनची सातारा गाडी लागायची होती. त्याने मायाला फोन लावला. ती मेढ्याहून परत येत होती, मागे गाडीचा आवाज, तिकिटं मागणारी माणसं. झालं, साडेदहा, आणि शुक्रवार घरी, एवढंच तो म्हणाला. तिकडून घंटीची दोरी ओढल्याचा आवाज आला, एकदा ओढायची ती दोनदा ओढली गेली, आणि ती म्हणाली, "घरी या, मग बोलू," पण ती हसत होती. जबाबदारीचं त्याने घरी सांगायचं ठरवलं. मग फोन हातातच होता आणि आतली उसळी काही बसत नव्हती, म्हणून त्याने गावाकडे वडिलांना लावला. कामाच्या दिवशी दुपारचा तो कधी फोन करत नसे. आकारामांनी घाबरूनच उचलला. पोरगी बरी हाय न्हवं, हे आधी विचारलं.

अमृतने सगळं सांगितलं, त्यांना कळेल असं, त्यांच्याच बोलीत. पलीकडे वारा आणि एखादं करडू ओरडल्याचा आवाज.

"मागितलं, आन दिलं?" आकारामांनी विचारलं.

"व्हय. लगीच न्हाई दिलं. पन दिलं."

"काय सांगितलंस त्यास्नी?"

"सकाळचं उठाया येत न्हाई म्हनून सांगितलं."

पुन्हा वारा. फोन कट झाला काय म्हणून अमृतने कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"माझं बी न्हाई येत," आकाराम म्हणाले. जसं आजच झालं असावं तसं.

"ठावं हाय, आण्णा."

"ह्या वर्साला तर लयच. पार दहा वाजत्यात." मग घसा खाकरला. "तो डाक्तर म्हनत हुतास न्हवं तू. पुन्याचा."

"हाय की. माझ्यासंगं नेतो. आदी साताऱ्याला या."

"सकाळची गाडी न्हाई धरता यायची मला."

"दुपारची धरा. काय घाई न्हाई."

सातारा गाडी फलाटाला लागली. माणसं पिशव्या खिडकीतून टाकून जागा धरत होती, कंडक्टर दाराशी ओरडत होता, आणि अमृत त्या गर्दीत फोन कानाशी घट्ट धरून उभा होता, कारण पलीकडून एवढ्या वर्षांत कधी न विचारलेली गोष्ट वडील विचारत होते.

"कवा येऊ रं मग?"

"पुढच्या शुक्रवारी या," अमृत म्हणाला. "मी घरीच असतोय."